हेड गॅस्केट बदलल्यावर एक आंब्याचा हंगाम: आमच्या डिझेल व्हॅनचा अनुभव

दिवाळीनंतर आमच्या चार सिलिंडरच्या डिझेल व्हॅनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवून खालचं गॅस्केट बदललं. त्यानंतर तिने रत्नागिरीहून कोल्हापूरला हापूसच्या पेट्या नेत अख्खा हंगाम काढला. मे महिन्याचं ऊन, भरलेली गाडी आणि साखरप्यानंतरचा आंबा घाट, याहून कडक परीक्षा आमच्या भागात नाही. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) डब्याच्या खुणेवरच आहे. मुद्दाम एवढं थांबून लिहितोय, कारण चुकीचं बसवलेलं गॅस्केटही सुरुवातीचा महिनाभर छान चालतं.

ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग) आणि हेड यांच्यामध्ये बसणारं हे गॅस्केट तीन गोष्टी एकमेकींत मिसळू देत नाही: सिलिंडरमधला जळता वायू, कूलंट आणि ऑइल. डिझेल इंजिनात ज्वलनाचा दाब १०० बारच्याही वर जातो, कूलंटचा असतो जेमतेम १ बार. त्यात आमच्यासारखा बिडाचा ब्लॉक आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड असेल, तर तापल्यावर हेड ब्लॉकच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ती सरकासरक रोज गॅस्केटच सोसतं. इंजिन एकदा बेसुमार तापलं की हेड वाकतं, आणि दोन सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट जळायला लागतं.

दुरुस्तीआधी आमची गाडी पाणी खात होती, पण खाली थेंबही नव्हता. थंड इंजिन सुरू केलं की थोड्याच वेळात रेडिएटरचा वरचा होस टणक व्हायचा. पाणी अजून कोमटही नसताना एवढा दाब येतो तो सिलिंडरमधूनच. माझा सगळ्यात जास्त विश्वास या एका खुणेवर आहे. ऑइल मात्र स्वच्छ होतं. 'ऑइल दुधाळ नाही, म्हणजे गॅस्केट ठीक' असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही. वायू फक्त पाण्यात शिरत असेल तर ऑइलला काहीच होत नाही. उलट कोकणातल्या पावसाळ्यात गाडी जवळच्या जवळ फिरवली, तर ऑइल कॅपच्या आत कटिंग चहाच्या रंगाची साय धरते. ती नुसती वाफ असू शकते, तेवढ्यावरून कोणी हेड उतरवू नये.

खात्री करण्यासाठी मिस्त्रींनी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावली. पाण्यात ज्वलनाचा वायू असेल तर रंग हिरवट-पिवळा होतो. डिझेलमध्ये आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन डायऑक्साइड कमी असतो, त्यामुळे रंग सावकाश बदलतो. लगेच नळी काढली तर चुकीचं उत्तर मिळतं. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, तपासलं. शेजारचे दोन सिलिंडर कमी निघाले आणि जागा कळली. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर पाण्याने थंड करणारा भाग) असलेल्या गाड्यांत तो फुटला तरी पाणी कमी होतं आणि पांढरा धूर येतो. पाण्यात ऑइल दिसलं तर ऑइल कूलरही बघावा लागतो. हे आधी तपासून घ्या, हेड उतरवणं हे शेवटचं काम आहे.

गॅस्केट मुळात का गेलं, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आधी कुणीतरी 'गाडी थंड राहील' म्हणून थर्मोस्टॅटच (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला होता, आणि कूलंटऐवजी वर्षानुवर्षं साधं पाणी पडत होतं. आतल्या क्षारांनी रेडिएटरच्या निम्म्या नळ्या बुजल्या होत्या. थर्मोस्टॅट काढल्याने सपाट रस्त्यावर काटा खाली राहतो आणि रेडिएटर बुजत चाललाय हे झाकलं जातं. घाटात ते एकदम उघडं पडतं. रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखा आणि वॉटर पंप न बघता नुसतं गॅस्केट बदलणं म्हणजे तोच खर्च पुन्हा करायची तयारी. रेडिएटरची कॅपही नवी घ्या. १.१ बारची कॅप दाब धरते म्हणून पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. कॅप सैल झाली की घाटात पाणी उकळलंच.

हेड पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट बाहेरून आत अशा क्रमाने सोडले. सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला तर हेड वाकलेलं निघालं, मशिन शॉपमध्ये फेसिंग करावं, म्हणजे तळ घासून सपाट करावा लागला. फेसिंगच्या आधी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्याच, कारण व्हॉल्व्ह सीटांमध्ये तडा असेल तर पुढचं सगळं वाया. डिझेलमध्ये आणखी एक गोष्ट असते: गॅस्केट वेगवेगळ्या जाडीचं मिळतं आणि जाडी कडेच्या खाचांनी किंवा भोकांनी ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून जाडी ठरते. जुन्यावरच्या खाचा मोजून दुकानात गेलेला माणूस बहुतेकदा बरोबर ठरतो, पण मोजमाप झालेलं चांगलं.

आम्ही स्टीलच्या पातळ थरांचं गॅस्केट घेतलं. त्याला दोन्ही बाजू अगदी गुळगुळीत लागतात आणि सीलंट लावायचं नसतं. ब्लॉकवर ग्राइंडरची चकती फिरवू देऊ नका. तिची पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते. बोल्टची भोकं कोरडी केली, कारण आत ऑइल किंवा पाणी साठलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जातो. बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, आधी टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने) आणि मग किती अंश फिरवला ते मोजून आवळले. असे बोल्ट ताणले जातात म्हणून नवेच घालायचे. गॅस्केटची किंमत एकूण बिलात किरकोळ. पैसे जातात ते मजुरी, फेसिंग, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपाला. टायमिंग बेल्ट आणि पंप त्याच वेळी बदलले ते बरं झालं, नाहीतर ती मजुरी पुन्हा भरावी लागली असती.

शेवटी हीटर चालू ठेवून कूलंटमधली हवा काढली, ऑइल आणि फिल्टर बदलला. सीलर पावडर किंवा स्टॉप-लीक मी कुणालाच सुचवणार नाही. १०० बारचा वायू त्याने अडत नाही, रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या मात्र बुजतात.

आता एकच बारीक तक्रार उरली आहे: थर्मोस्टॅटच्या जोडाजवळ कूलंटचा पुसट ओलावा दिसतो. पावसाळ्याआधी त्याची रिंग बदलून घेतोय.