कोकणकड्यावरचे दाणे: लेन्स, बॉडी, सॉफ्टवेअर की फुकटचं स्टॅकिंग?

उन्हाळा आला की हा प्रश्न ठरलेला: "हरिश्चंद्रगडावर आकाशगंगा काढली, पण फोटोत नुसते दाणे. आता फुल फ्रेम घेऊ का?" विचारणाऱ्याकडे बहुधा एपीएस-सी बॉडी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि सोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स असते. हे त्याच्यासाठी.

दाणे आयएसओमुळे (कॅमेरा टिपलेला प्रकाश किती उजळवतो, त्या सेटिंगमुळे) येतात, हा आळ आधी काढू. दाणे येतात ते प्रकाश कमी पडल्यामुळे. प्रकाशाचे कण सेन्सरवर पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे पडतात, कुठे दोन, कुठे एकही नाही. अंगण पुरतं भिजलं की हा फरक दिसेनासा होतो. प्रकाश चौपट झाला की चित्राच्या तुलनेत नॉईज (म्हणजे हे दाणे) निम्मा, असा साधा हिशेब. त्यामुळे शटर-अपर्चर (प्रकाश किती वेळ आणि किती मोठ्या तोंडातून येतो ते) तेच ठेवून आयएसओ ३२०० वरून २०० वर आणायचा आणि घरी येऊन फोटो उजळवायचा, हा आतबट्ट्याचा व्यवहार. जुन्या बॉडीवर मी तो केलाय. काळ्या कातळात पट्टे उमटले.

आता खरेदी. किट लेन्स एफ ३.५ ला उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). त्याच फोकल अंतराची (तेवढंच दृश्य टिपणारी) एफ १.८ ची लेन्स लावली तर जवळपास ३.८ पट प्रकाश मिळतो. फुल फ्रेमचा सेन्सर एपीएस-सीच्या सुमारे सव्वादोन पट मोठा, हे खरं. पण त्या बॉडीसोबत एफ ४ ची झूम आली, तर तेवढंच दृश्य टिपताना आजच्यापेक्षा पावणेदोन पटच प्रकाश गोळा होईल. म्हणजे जुनी बॉडी आणि एफ १.८ सारखी उघडी लेन्स ही जोडी नव्या बॉडीला सहज मागे टाकते. लेन्सची खोड एकच: पूर्ण उघडल्यावर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात. एफ २.२ च्या आसपास बंद केली की बऱ्याच लेन्स सुधारतात, पण मिळवलेल्या प्रकाशातला तिसरा हिस्सा जातो.

स्टॅकिंगला (एकाच दृश्याचे अनेक फोटो जुळवून त्यांची सरासरी घ्यायला) मात्र फक्त ट्रायपॉड आणि चिकाटी लागते. १८ मिमीला तारे फार ओढले न जाता साधारण १५ ते १८ सेकंद मिळतात (१८ ला लहान सेन्सरपायी १.५ ने गुणायचं आणि ५०० ला त्या उत्तराने भागायचं, हा जुना ठोकताळा, बारकाईने पाहणाऱ्याला तोही सैल वाटेल). १५ सेकंदांचे १६ फोटो सलग काढा. त्यांची सरासरी घेतली की नॉईज चौथाईवर येतो, म्हणजे कोणत्याही एका खरेदीपेक्षा जास्त फायदा. त्यासाठी विंडोजवर सिक्वेटर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मॅकवर स्टारी लँडस्केप स्टॅकर विकत घ्यावं लागतं. दोन्ही आकाश आणि जमीन वेगवेगळी जुळवतात. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन या वेळी बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोमागे तेवढाच वेळ कॅमेरा शटर मिटून बसतो आणि मधल्या काळात तारे सरकतात. कड्यावर वारा असला की गवत मात्र धुरकट होतं, आणि कातळाची कड आकाशाला भिडते तिथे हाताने डागडुजी करावी लागते.

एआय डीनॉईजमध्ये (एआयने दाणे पुसणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हा खटाटोप नाही. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते एप्रिल २०२३ मध्ये आलं. रॉ फाईल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) द्या, बटण दाबा, चहा टाका. जुन्या लॅपटॉपवर चहा पिऊनही होईल. आकाशाच्या मोकळ्या भागात काम छान करतं. जमिनीवर मला त्याचा भरवसा नाही: जिथे माहितीच टिपली गेली नाही तिथे ते अंदाज बांधतं, आणि सह्याद्रीच्या कातळाचं प्लास्टिक होतं. जोर अर्ध्यावर ठेवला तर सुसह्य.

जमिनीसाठी संधिप्रकाशातच फोटो काढून ठेवायचा पर्यायही आहे. ट्रायपॉड न हलवता रात्रीचं आकाश त्यावर जोडायचं. काहींना ही लबाडी वाटते. मला वाटत नाही, पण फोटोखाली तसं लिहावं.

माझा क्रम: आधी स्टॅकिंग शिका, मग उघडी लेन्स, बॉडी सगळ्यात शेवटी. वर्षातून एकदोनदाच गडावर जाणार असाल तर लेन्सही भाड्याने आणा. अपवाद एक: रात्रीच्या फोटोंसोबत लग्नांची कामंही घेत असाल तर फुल फ्रेम घ्या. मंडपात नवरा-नवरी हलत असतात. तिथे १६ फोटोंची सरासरी काढता येत नाही.