मिचकोव्ह ठेवू की विल स्मिथ? कीपर लिस्ट भरायच्या आधी

आमच्या फँटसी आइस हॉकी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम करायची, त्यांच्या खऱ्या मॅचेसमधल्या कामगिरीवर आपले पॉइंट) नियम असा आहे की मागच्या सीझनला, म्हणजे २०२४-२५ ला, जी पोरं पहिल्यांदा एनएचएलमध्ये, अमेरिका-कॅनडाच्या मुख्य लीगमध्ये, उतरली त्यातला एकच जण पुढच्या वर्षी ठेवता येतो, बाकीचे सोडून द्यायचे. माझ्याकडे दोघं होते, फिलाडेल्फियाचा मात्वेई मिचकोव्ह आणि आमच्या सॅन होजेचा विल स्मिथ. ही ठेवायच्या खेळाडूंची कीपर लिस्ट सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भरायची असते आणि यंदा २०२५ चे गणपती आले ऑगस्टच्या शेवटी, त्यामुळे ज्याच्या घरी दर्शनाला गेलो तिथे आरती झाली की मोदकाच्या ताटाभोवती हाच विषय. दुसऱ्या एका लीगमध्ये यंदा आलेल्या माझ्या एका मित्रालाही टीम वारशात मिळालीये, आणि योगायोग असा की त्याच्याकडेही अगदी हेच कोडं आहे, म्हणजे दोन वेगळ्या लीगमध्ये दोघांचीही नावं आणि दोन्हीकडे एकच जागा. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

हा वाद तसा फँटसीपेक्षा खूप जुना आहे. २८ जून २०२३, नॅशव्हिलचा ड्राफ्ट, म्हणजे एनएचएलच्या टीम्स पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो दिवस. बेडार्ड शिकागोला जाणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, मग कार्लसन अनाहाइमला, फँटिली कोलंबसला, आणि चौथा नंबर आपला, म्हणजे सॅन होजे शार्क्सचा. मिचकोव्ह अजून शिल्लक. मी तेव्हा एका मित्राच्या घरी होतो, पाच-सहा जण, सगळे शार्क्सवाले, आणि सगळे ओरडत होतो मिचकोव्ह घ्या मिचकोव्ह घ्या. शार्क्सच्या माइक ग्रीअरने, म्हणजे जनरल मॅनेजरने, नाव घेतलं विल स्मिथचं. खोलीत एकदम शांतता. त्यानंतर माँट्रियलने राइनबाखर घेतला, ॲरिझोनाने सिमाशेव्ह, आणि सातव्या नंबरला फिलाडेल्फियाने मिचकोव्हला उचललं. म्हणजे आमच्याच नाही, बऱ्याच लोकांच्या हातून तो निसटला. भीती एकच होती, त्याचा रशियात एसकेए क्लबबरोबर २०२५-२६ पर्यंतचा करार होता, आणि तीन वर्षं थांबायची तयारी कोणाची नव्हती. शेवटी एसकेएने त्याला २०२४ च्या उन्हाळ्यातच मोकळं केलं आणि तो आला. थांबणाऱ्याला फळ लवकर मिळालं, फिलीवाल्यांना, म्हणजे फिलाडेल्फियाच्या लोकांना, याचं श्रेय द्यायलाच हवं.

आता पोटेन्शियलचं बोलायचं तर कागदावर मिचकोव्ह पुढे आहे, त्यात मला काही वाद घालायचा नाही. पहिल्याच सीझनला ८० मॅचेसमध्ये २६ गोल आणि ३७ असिस्ट (गोलला कारणीभूत पास), दोन्ही मिळून ६३ पॉइंट, आणि नवख्या खेळाडूंमध्ये सगळ्यात जास्त गोल त्याचेच, आमच्या शार्क्सच्या नवख्या सेलेब्रिनीपेक्षाही एक जास्त. स्मिथचे ७४ मॅचेसमध्ये १८ आणि २७, एकूण ४५. अठरा पॉइंटचा फरक म्हणजे थोडाथोडका नाही. शिवाय मिचकोव्ह इथे येण्याआधी मोठ्या माणसांत खेळलेला, सोचीकडून केएचएल या रशियाच्या लीगमध्ये १९ व्या वर्षी ४७ मॅचेसमध्ये ४१ पॉइंट, आणि सोची काही तगडी टीम नव्हती. स्मिथ त्या वर्षी बॉस्टन कॉलेजमध्ये होता, ४१ मॅचेसमध्ये ७१ पॉइंट, अख्ख्या कॉलेज हॉकीत पहिला, पण समोर कॉलेजची पोरं आणि बाजूला लेनर्ड आणि पेरो, जे दोघं त्याच्याबरोबर अमेरिकेच्या ज्युनिअर प्रोग्रॅमपासून खेळतायत. एकमेकांच्या पासेस डोळे मिटून कळतात असं त्रिकूट. त्यामुळे स्मिथबद्दल जो आक्षेप घेतला जातो, की हा चांगल्या माणसांबरोबर चांगला दिसतो, एकट्याने काय करेल ते सांगा, तो आक्षेप अगदीच चुकीचा नाही.

स्वभावाचं म्हणाल तर मिचकोव्ह म्हणजे आपल्या मुंबईच्या मैदानावरचा खडूस बॅट्समन. अंगाने लहान, ५ फूट १० इंच, स्केटिंगचा वेग काही डोळे दिपवणारा नाही, पण पक (हॉकीची रबरी चकती) त्याच्याकडे आला की समोरच्याला वाटतं आता हा काहीतरी करणार आणि तो करतोच. हरत असताना तो जास्त चांगला खेळतो असं मला नेहमी वाटत आलंय. मॅच ओव्हरटाइमला गेली की मी त्याच्यासाठी उठून उभा राहायचो, इतकी खात्री. वडील गेल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याचा ड्राफ्ट झाला, ज्या वयात आपली पोरं कॉलेजच्या ॲडमिशनसाठी टेन्शन घेतात त्या वयात एवढं सोसून आलेल्या पोराबद्दल मनात आदर आहे आणि तो राहणारच.

स्मिथ वेगळा. त्याला बघायला टीव्ही पुरत नाही, शार्क्सच्या सॅप सेंटर स्टेडियमला वरच्या मजल्यावर बसायला लागतं. वरून बघितलं की कळतं, तो पास देत नाही, तो आधी थांबतो. पक घेऊन ब्लू लाइन, म्हणजे समोरच्याच्या हद्दीची रेषा, ओलांडली की बाकीचे घाई करतात, हा अर्धा सेकंद जास्त धरून ठेवतो, समोरचा डिफेन्समन गुडघा वाकवतो किंवा काठी पुढे टाकतो, आणि मग त्या काठीच्या वरून किंवा पायांमधून पक पलीकडे जातो जिथे सेलेब्रिनी आधीच पोचलेला असतो. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, दोन वर्षांपासून स्केटिंग शिकतेय, तिने एकदा मला विचारलं बाबा तो थांबला का, आणि मला उत्तर देता आलं नाही, पुढच्या वेळी तिनेच सांगितलं की तो थांबत नाही, तो समोरच्याला थांबवतो. तेव्हापासून मी त्याला तसाच बघतो.

पण माझा निर्णय झाला तो यातल्या कशाने नाही. तो झाला एका वैतागामुळे.

नोव्हेंबर २०२४. फ्लायर्स म्हणजे फिलाडेल्फियाची टीम; तिचा तेव्हाचा कोच टॉर्टोरेला याने मिचकोव्हला लागोपाठ दोन मॅचेस बाहेर बसवलं. दुखापत नाही काही नाही, धडधाकट पोरगा, त्या आधीच्या महिन्यात लीगचा सर्वोत्तम नवखा म्हणून निवडलेला, आणि तो सूट घालून वरच्या खोलीत. पहिली मॅच शनिवारी होती. त्या दिवशी आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम, मी हॉलमध्ये फराळाच्या प्लेट्स लावत होतो, चकली दोन, करंजी एक, लाडू एक, दीडशे प्लेट्स, फोन कुर्त्याच्या खिशात. हात तेलकट. मी फोन काढून बघितला तेव्हा फ्लायर्सची मॅच सुरू होऊन गेलेली, लाइनअप लॉक, म्हणजे माणूस बदलता येत नाही, आणि मिचकोव्हच्या नावासमोर काहीच नाही, नुसती रिकामी जागा. माझ्या बेंचवर त्या दिवशी मॅच असलेला दुसरा विंगर (कडेने खेळणारा) होता, त्याने दोन पॉइंट केले. तो आठवडा मी एका पॉइंटने हरलो. सोमवारची मॅच तर आमच्या शार्क्सविरुद्धच होती आणि तिथेही तो नाही.

आता तुम्ही म्हणाल दोन मॅचेसचं काय एवढं, स्मिथ तर आठ मॅचेस खेळला नाही. बरोबर आहे, आकडा बघितला तर उलटंच दिसतं. पण स्मिथचं न खेळणं कसं होतं ते बघा. शार्क्सने सीझनच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की लागोपाठ दोन दिवस मॅचेस असतील तर तो दोन्ही खेळणार नाही, एका दिवशी जिममध्ये ताकदीचं काम करेल, कारण कॉलेजच्या चाळीस मॅचेसवरून एनएचएलच्या ब्याऐंशीवर एकदम उडी मारायची तर शरीर तयार हवं. मी रविवारी रात्री शेड्यूल उघडून बसायचो आणि आठवड्याच्या बॅक-टू-बॅकवर खूण करायचो. कोणता दिवस ते नेमकं कळलं नाही तरी अंदाज असायचा, आणि बेंचवर दुसरा माणूस तयार ठेवता यायचा. न खेळणं आणि न सांगता न खेळणं यात फार फरक आहे. घरी येणारा पाहुणा येणार नाही असं सकाळी कळवतो तेव्हा राग येत नाही, स्वयंपाक झाल्यावर वाट बघायला लावतो तेव्हा येतो.

आणि नुसता बाहेर बसवण्याचा प्रश्न नव्हता. मॅच चालू असताना सुद्धा तिसऱ्या पिरियडला मिचकोव्ह बेंचवर बसलेला दिसायचा, एखादी चूक झाली, मागे परत यायला उशीर झाला, की पुढच्या शिफ्ट्स, बर्फावर उतरायच्या पाळ्या, गायब. त्यातून आम्ही वेस्ट कोस्टवाले. फिलाडेल्फियाची संध्याकाळी सातची मॅच म्हणजे आमच्याकडे दुपारचे चार, वॉर्म-अपला कोण उतरलं ते कळतं साडेतीनला, आणि साडेतीनला मी मीटिंगमध्ये असतो. अख्खा सीझन मी मंगळवार-गुरुवार टेबलाखाली फोन धरून तो उतरला का बघत होतो. शार्क्सची घरची मॅच सात-साडेसातला सुरू होते, तोवर जेवण झालेलं असतं, मुलीचा अभ्यास झालेला असतो, आम्ही दोघं सोफ्यावर बसून बघतो. हा फरक कुठल्याच आकड्यात येत नाही पण सहा महिने रोज जगायला लागतो.

टॉर्टोरेला मार्च २०२५ मध्ये गेला, हे मान्य. आता कोच म्हणून रिक टॉकेट आलाय आणि बऱ्याच जणांचं म्हणणं आहे की मिचकोव्ह आता मोकळा सुटेल, सत्तर-ऐंशी पॉइंट करेल. करेलही. मला मात्र टॉकेट व्हँकुव्हरला असतानाचा आठवतो, तो सुद्धा आधी बचाव मग बाकीचं या मताचा माणूस, त्यामुळे माझा वैताग संपला असं छातीठोकपणे मला तरी सांगता येत नाही. दुसरं म्हणजे मिचकोव्हला पक देणारा सेंटर, म्हणजे मधला खेळाडू, कोण? जूनमध्ये त्यांनी अनाहाइमकडून ट्रेव्हर झेग्रस आणलाय, तो सेंटरला टिकला तर मी इथे लिहिलेलं सगळं चुकू शकतं, हे मोकळेपणाने सांगतो. पण ते ‘तर’ आहे.

स्मिथच्या बाबतीत ‘तर’ कमी आहेत. सीझनच्या पहिल्या अर्ध्यात तो चाचपडत होता, पहिले गोल यायला ऑक्टोबरचा शेवट उजाडला, तेव्हा मीच त्याला सोडायच्या बेतात होतो. फेब्रुवारीच्या ब्रेकनंतर वेगळाच पोरगा दिसला. खांदे भरलेले, बोर्ड्सजवळ कोणी धक्का दिला तर पक सुटत नव्हता, जिथे नोव्हेंबरमध्ये दर वेळी सुटायचा. त्या जिमच्या दिवसांचं फळ मी डोळ्यांनी बघितलं. आणि शेवटी शेवटी त्याला सेलेब्रिनी आणि टोफोलीबरोबर कायमचं लावलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं. चांगल्या माणसांबरोबर चांगला दिसतो ना? मग पुढची कित्येक वर्षं त्याच्या बाजूला चांगला माणूस आहेच की. सेलेब्रिनी कुठे जात नाहीये. आणि यंदाच्या, २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरला मिसा पण आला, ज्याने ओएचएल या कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये ६५ मॅचेसमध्ये १३४ पॉइंट केलेत. तो सेंटरला स्थिरावला की स्मिथला विंगवर निवांत राहता येईल, आणि आमच्या लीगमध्ये सेंटर पैशाला पासरी, विंगर मिळत नाहीत.

शार्क्स २०२४-२५ ला ५२ पॉइंट घेऊन सगळ्यात खाली होते आणि फ्लायर्सही काही वर नव्हते, त्यामुळे प्लस-मायनस (खेळाडू बर्फावर असताना टीमने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांचा फरक) मोजणारी लीग असेल तर दोघांकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. तिथे दोघं सारखेच.

मित्र न्यू जर्सीत राहतो, एडिसनला. त्याला मी सांगितलं की बाबा तुझं गणित वेगळं असू शकतं. तुझ्याकडे मॅच सातला, ऑफिस सुटलेलं, साडेसहाला वॉर्म-अप बघून लाइनअप बदलायला तुला सवड आहे, दीड तासावर फिलाडेल्फिया आहे, पोराला घेऊन ३९ नंबरची जर्सी बघायला जाशील. आणि एकाच सीझनचा विचार करत असशील, यंदाच जिंकायचं असेल, तर ६३ पॉइंटवाल्याला सोडायला मी कसा सांगू. तीन-चार वर्षांचा विचार असेल तर मात्र माझं झुकतं माप कुठे आहे ते त्याला आवाजावरूनच कळलं असावं.

माझ्या लिस्टवर मी स्मिथचं नाव भरलंय. मिचकोव्हला नुसता सोडून दिला नाही, आमच्या नियमात डेडलाइनच्या आधी ट्रेड करता येतो, तर लीगमधल्या एका फिलीवाल्याला दिला आणि त्याचा दुसऱ्या राउंडचा पिक, म्हणजे आमच्या निवडीतली त्याची पाळी, घेतला. तुमच्याकडेही हे दोघं असतील तर निदान एवढं करा, दहा दिवस आधी एखादा फ्लायर्सप्रेमी शोधा, तिसऱ्या राउंडपासून सुरुवात करेल, तो दुसऱ्यावर येईपर्यंत हो म्हणू नका.