सेन्सर थेट बदलायचा की आधी स्कॅनर?

गाडी अचानक जास्त पेट्रोल प्यायला लागली की गॅरेजात सल्ला मिळतो, ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलून टाका. वेळ वाचतो खरा, पण दोष दुसरीकडे असला तर खिसा हलका आणि ॲव्हरेज तिथंच.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र, लावायचं तर इंजिन गरम हवं. नाशकात मुंबई नाका ते पाथर्डी फाटा एक चक्कर पुरे. पुढच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीच्या, साध्या झिर्कोनिया प्रकारच्या सेन्सरचा आकडा साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत नाचायला हवा. तळाशीच अडकला, तर ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं आणि तो ओतत राहतो. पण सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट पाइपला चीर असली तरी हेच दिसतं! म्हणून मी आधी स्कॅनर, मग पाइप, शेवटी सेन्सर. मागच्या सेन्सरवर सहसा संशय नको, तो मुख्यतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा पहारेकरी.