अकागी बांधताना

मी मुंबईच्या गोदीत तीस वर्षं प्लेटिंगचं, म्हणजे जहाजांना पोलादी पत्रे बसवण्याचं काम केलं, त्यामुळे ‘अकागी’ या दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी विमानवाहू नौकेच्या ठोकळ्यांच्या मॉडेलचा डबा उघडल्यावर आधी हुलची, म्हणजे नौकेच्या मुख्य अंगाचीच पानं चाळली. ठोकळे साडेतीन हजारांच्या आसपास, प्रमाण १:३००. खरी नौका २६० मीटरची, म्हणजे मॉडेल ८७ सेंटिमीटर. टीपॉयवर मावेना म्हणून शिवणयंत्रावर फळी टाकून त्यावर बांधली. सव्वा महिना लागला.

हुल अप्रतिम आहे. अकागी मुळात बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका व्हायची होती. युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२च्या वॉशिंग्टन करारामुळे जपानने तिची विमानवाहू नौका केली. खाली निमुळतं, वेगासाठी घडवलेलं अंग आणि वर खांबांवर तोललेला सपाट डेक, हे जोडताना हाताला कळतं. नाळेकडचे, म्हणजे पुढच्या टोकाचे खांब बसवले त्या रात्री मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

धुराडंही मनासारखं. उतरणाऱ्या वैमानिकाच्या वाटेत धूर येऊ नये म्हणून ते उजव्या कुशीतून काढून समुद्राकडे वाकवलेलं होतं. एक बिजागरी उलटी लागल्यामुळे मला ते तीनदा उकलावं लागलं, पण बाक हुबेहूब उतरलाय. नौका चालवायचा मनोरा डावीकडे आहे. तो तसा फक्त अकागी आणि हिर्यू या दोन जपानी विमानवाहू नौकांवरच होता.

डेकच्या पट्ट्यांनी मात्र निराशा केली. एका पिशवीतला तपकिरी रंग दुसरीपेक्षा गडद निघाला. एवढ्या किमतीच्या डब्यात हे चालणार नाही. शेवटी सगळ्या पट्ट्या परातीत ओतून मिसळल्या, तेव्हा कुठे डेक लाकडी फळ्यांचा वाटायला लागला.

खरी तक्रार हँगरची, म्हणजे डेकखालच्या विमानं ठेवायच्या मजल्याची. एप्रिल १९४२मध्ये याच नौकेवरून उडालेल्या विमानांनी कोलंबोवर हल्ला केला. दोन महिन्यांनी, ४ जूनला, पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळ, विमानं वर-खाली नेणाऱ्या मधल्या लिफ्टपाशी अमेरिकन बॉम्ब डेक फोडून खाली हँगरमध्ये फुटला. तिथे इंधन भरलेली, शस्त्रं चढवलेली विमानं उभी होती. आगीने नौका गेली. मॉडेलमध्ये त्या जागी नुसते आडवे टेकू आहेत आणि लिफ्ट म्हणजे वर चिकटवायचा चौकोन.

सध्या मी मधल्या लिफ्टभोवतीच्या चार ओळी सुट्या करून ठेवल्यात. नातवाच्या जुन्या डब्यात राखाडी ठोकळे मिळाले, त्यांचा मजला घालतोय. पंख मिटलेली दोन विमानं आत बसतील एवढी उंची मिळतेय.