तटबंधाची धूप: फ्लूममध्ये अभ्यासावी की संगणकावर?

एम.टेक.ला ‘नदीचा बदलता तळ आणि तटबंधाची धूप’ असा विषय घेतला की पहिला पेच हाच: फ्लूममध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या कृत्रिम कालव्यात, छोटी प्रतिकृती करून बघायचं की संगणकावर मॉडेल चालवायचं. पण त्याआधी बांध नेमका कशाने फुटतो, यातलं काय तपासायचंय ते ठरवा. १८ ऑगस्ट २००८ला नेपाळात कुसहाजवळ कोसीचा पूर्व तटबंध फुटला, तेव्हा नदीत दीड लाख क्युसेकही पाणी नव्हतं. बांध होता साडेनऊ लाखांसाठी. पाणी माथ्यावरून गेलंच नाही. गाळाने पात्र उथळ झालेलं, धार बांधाला खेटलेली, तिने कडेनेच तो कातरला. उलट जपानात होक्काइदोमध्ये, तोकाची नदीवरच्या चियोदा प्रयोगकालव्यात बांध मुद्दाम माथ्यावरून पाणी सोडून फोडले. एकाचं मॉडेल दुसऱ्याला चालत नाही.

फ्लूमचा मोठा गुण म्हणजे दिसतं. स्परच्या (काठापासून पात्रात आडव्या काढलेल्या बांधाच्या) नाकाशी भोवरा वाळू कशी उपसतो, हे बघितल्याशिवाय कळत नाही. अडचण मापाची. १:५० प्रतिकृतीत ०.२ मिमी वाळू ०.००४ मिमी करावी लागेल, म्हणजे जवळपास चिकणमाती; तिचे कण एकमेकांना धरून बसतात. म्हणून कोळशाची पूड, अक्रोडाच्या कवचाचा भुगा असं हलकं द्रव्य वापरतात. जागा वाचवायला उभं माप पाचपट ताणलंत, तर १:२ उताराचा बांध सुमारे ६८ अंशांवर उभा राहतो. कोरडी वाळू ३०-३५ अंशांपलीकडे टिकत नाही. तो पाण्याआधीच ढासळणार! तळाच्या अभ्यासाला असं ताणणं चालतं, बांधाच्या धुपेला अजिबात नाही. पुण्याजवळ खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएस या केंद्रीय जल संशोधन संस्थेकडे मोठ्या प्रतिकृतींना जागा आहे. कॉलेजच्या फ्लूमकडून ती अपेक्षा नको.

सॉफ्टवेअरमध्ये एचईसी-रास आणि आयरिक, दोन्ही फुकट. लांब पट्ट्यात वर्षानुवर्षं तळ किती चढला, यासाठी पहिलं. वळणं, वाळूचे दांडे यांसाठी आयरिकमधलं नेज-टूडीएच हे मॉडेल. इथली खोट सूत्रात. मायर-पीटर-म्युलरचं १९४८चं सूत्र फक्त तळावरून सरकणारा गाळ मोजतं. बारीक वाळूच्या नदीत बराच गाळ तरंगत जातो, तो हिशेबातून सुटतो. बांधाच्या मातीचं तर विचारूच नका. तीच माती किती ओलाव्यावर दाबली, यावर धुपेचा वेग शेकडो पटींनी बदलू शकतो. हा आकडा पुस्तकातून उचललात, तर रंगीत नकाशे सुंदर येतील, इतकंच.

दोन सत्रं हातात असतील तर माझं मत संगणकाला, पण पहिला महिना मातीला द्या: नमुने आणा, जेट चाचणी (पाण्याचा झोत मारून माती किती झिजते ते मोजणं) करा. प्रश्न स्परच्या नाकाचा किंवा पायथ्याच्या खड्ड्याचा असेल, तर मात्र फ्लूमच घ्या, उभं माप न ताणता, बांधाचा छोटाच तुकडा. आणि फ्लूमवर नंबर कधी लागेल हे गाइडना नाही, लॅबमधल्या मामांना विचारा.