बडी प्रोग्रॅमला नाव द्यावं का? वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमच्या युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसचं पूर्ण पॅकेज, म्हणजे बडी, लँग्वेज टँडेम, कल्चर डे आणि वेगळं हॉस्टेल, सगळं अनुभवून झालंय तर लिहूनच टाकते. ५ पैकी साडेतीन स्टार, त्यातले तीन एकट्या टँडेमचे.

आधी बडी, म्हणजे परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याला सोबती म्हणून इथला एक विद्यार्थी जोडून देणं. फॉर्ममध्ये देश, भाषा, कोर्स एवढंच विचारतात आणि जोडी लावून मोकळे होतात. सुरुवातीला उपयोग होतो हां, नवीन आलेल्या माणसासोबत बँकेत, रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर कोणीतरी उभं असलं की त्याचा निम्मा ताप जातो. पण ती कामं संपली की बोलायला विषयच उरत नाही, मेसेज 'हाय, कशी आहेस'वर येऊन अडकतात. त्यात एक कायम मदत करणारा आणि दुसरा कायम घेणारा, आता अशात मैत्री कुठून होणार.

टँडेम मात्र भारी. मी आणि माझी जोडीदार, दोघींनीच बसायचं, अर्धा वेळ तिची भाषा अर्धा वेळ माझी, घड्याळ लावून. तिच्या भाषेत मी अडखळते, अलार्म वाजला की अडखळायची पाळी तिची, त्यामुळे कोणी कोणावर उपकार करतंय असं वाटतच नाही. चूक मध्येच सुधारायची नाही, कागदावर टिपून ठेवायची आणि शेवटी सांगायची, नाहीतर समोरचा गप्पच बसतो. आणि 'आज संस्कृतीवर बोलूया' असं कधीच ठरवावं लागलं नाही, प्रोफेसरला नुसत्या नावाने हाक मारायची का, ग्रुपमध्ये कोणी गप्प बसला तर तो होकार समजायचा की नकार, असल्या किरकोळ गोष्टींवरून अशा गप्पा रंगतात की घड्याळाकडे लक्षच राहत नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या सायकॉलॉजिस्टने १९५४ मध्येच सांगून ठेवलंय की माणसं नुसती एकत्र आणून पूर्वग्रह जात नाहीत, त्यांचा दर्जा बरोबरीचा हवा, उद्देश एक हवा, काम एकमेकांच्या साथीने करायचं हवं आणि वरून संस्थेचा पाठिंबा हवा. टँडेममध्ये हे चारही आहे, ऑफिस खोली देतं आणि वेळ ठरवून देतं म्हणून शेवटचंही.

कल्चर डेमध्ये फक्त ते शेवटचंच आहे, तेही भरभरून. झेंडे, स्टेज, स्टॉल, आणि जो तो आपल्या स्टॉलमागे आपल्याच लोकांशी गप्पा मारत उभा. वर येणारा प्रत्येक जण विचारणार 'तुमच्याकडे सगळे असंच करतात का', आता एकटीने अख्ख्या देशाच्या वतीने काय उत्तर द्यायचं. फोटो छान येतात, ते वर्षभर वेबसाइटवर झळकतात.

हॉस्टेलचे मात्र मार्क कापणार. परदेशी विद्यार्थ्यांना वेगळी विंग का? १९०९ मध्ये न्यूयॉर्कला हॅरी एडमंड्स यांनी कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज गुड मॉर्निंग म्हटलं, तर तो म्हणाला तीन आठवडे झाले इथे येऊन, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. ते त्यांच्या इतकं मनाला लागलं की पुढे रॉकफेलर ज्युनियर यांच्या पैशातून १९२४ ला तिथे इंटरनॅशनल हाऊस उभं राहिलं, ज्यात परदेशी आणि अमेरिकन विद्यार्थी एकत्रच राहतात. आणि आम्ही शंभर वर्षांनी त्यांना वेगळ्या जिन्याने पाठवतोय, कमाल आहे.

नाव देणार असाल तर बडीच्या फॉर्ममध्ये खाली 'इतर माहिती'चा रकाना आहे तो रिकामा सोडू नका, झोपायच्या वेळा आणि आवडीनिवडी सगळं लिहा, तेवढ्यानेही जोडी बरी लागते असं ऑफिसातल्याच एकाने सांगितलं. टँडेमला नाव मात्र पहिल्याच आठवड्यात द्या, लॅबवाल्यांना जमेल असा संध्याकाळचा स्लॉट एकच आहे आणि तो लगेच भरतो.