जुनी यामाहा आरएक्स १००: एका बोअरिंगवाल्याचा अभिप्राय

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं बोअरिंगचं, म्हणजे झिजलेले इंजिनचे सिलिंडर आतून कातून मोठे करायचं काम आहे. माझ्याकडं अख्खी गाडी क्वचितच येते. मिस्त्री ब्लॉक (म्हणजे सिलिंडर) आणि पिस्टनची पेटी पाठवतो, आणि गाडी कशी वापरली गेली ते ब्लॉकच सांगतो. त्यामुळं आरएक्सचं कौतुक मी जरा वेगळ्या टोकाकडून करणार. स्वतःचीही एक आहे, गडहिंग्लजकडच्या एका निवृत्त गुरुजींकडून घेतलेली. पहिला मालक, टाकीचा रंग उडालेला, सीट फाटकी, मडगार्डला गंज. घरात आली तेव्हा बायकोनं विचारलं, "भंगारवाल्याला द्यायला आणलीसा काय?"

ह्या गाडीआधी एक "पूर्ण रिस्टोअर" केलेली आरएक्स बघून आलो होतो. किंमत लाखाच्या वर, क्रोम असं की दाढी करावी. विकणारा म्हणाला, "पाव्हणं, शोरूममधनं काढल्यागत हाय." चॅसीवर पावडर कोटिंगचा थर इतका जाड की नंबरावर नख फिरवलं तरी आकडा लागेना. कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घेतो म्हटलं, तर त्यानं लगेच चहा मागवला. चहा पिऊन परत आलो.

आरएक्स १०० आपल्याकडं १९८५ च्या शेवटी आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे बाजारातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा तिशीला आलेली आहे. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५०, ताकद ११ हॉर्सपॉवर. आजच्या पोरांना हे आकडे किरकोळ वाटतात. पण वजन जेमतेम शंभर किलो आणि टू-स्ट्रोक असल्यानं क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट, त्यामुळं दुसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली की पुढचं चाक हलकं होतं. पन्हाळ्याच्या चढाला चारच गिअर आहेत हे विसरायला होतं. उतरताना मात्र दोन्हीकडचे ड्रम ब्रेक गाडीचं वय आठवायला लावतात. ब्रेकला मी दहापैकी चार देईन, तेही नवीन शू टाकले असतील तर.

आता ब्लॉक. कंपनीच्या ५० च्या बोअरवर पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर मोठे पिस्टन मिळतात. दर बोअरला एक पायरी संपते. एकच्या पुढं गेलं की स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, बदलायची. म्हणून गाडी घेताना रंग किती हात दिलाय हे विचारण्याआधी बोअर कितीवर आहे ते विचारा. हेड काढायला चार नट आहेत, पिस्टनच्या डोक्यावर साइज कोरलेला असतो. विकणारा हेड उघडायला नाही म्हणाला, तर तेही उत्तरच समजा. गुरुजींच्या गाडीत पाववाला पिस्टन निघाला, आणि मी तिथंच पैसे मोजले.

बोअर मारताना आधी पिस्टन हातात पाहिजे. पेटीवरच्या आकड्यावर काम होत नाही, प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजून त्याप्रमाणं गॅप ठेवावा लागतो. त्यानंतर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा मारायच्या असतात. घाईत ही कड तशीच धारदार सोडली की रिंग तिथं अडकते, तुटते आणि महिन्याभरात ब्लॉक पुन्हा माझ्या टेबलावर. सगळ्यात जास्त ब्लॉक याच कारणानं येत असतील असं वाटेल, पण नाही. येतात ते सायलेन्सरमुळं.

टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज कमी करत नाही. त्याच्या पोटाच्या आकारामुळं दाबाची लाट उलटी फिरते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. पोरं आतली जाळी काढतात, पाइप कापतात, वर फिल्टरही उघडा लावतात. आवाज वाढतो, ताकद वाढल्यासारखी वाटते. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, मात्र तोच. हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि वंगणाचं टू-टी ऑइल पेट्रोलबरोबरच येत असल्यानं तेही कमी. पिस्टन तापून धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट अडकतो. परवा एक पोरगं आलं, "काका, बोअर मारून द्या, पण सायलेन्सर तोच ठेवणार." म्हटलं, मग पुढच्या साइजचा पिस्टन आत्ताच घेऊन ठेव. शिवाय असले सायलेन्सर पोलीस जप्त करून रोडरोलरखाली घालतात ते वेगळंच. आरसीवर नोंद आहे त्यात बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, तेव्हा फ्रेम कापून कॅफे रेसर करणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा.

कागदांचं थोडक्यात. चॅसी आणि इंजिनचा नंबर १एल१ पासून सुरू होतो का बघा. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर लागतो, थकवलेल्या गाडीवर दंडही साचलेला असतो. हातानं लिहिलेलं जुनं आरसी बुक ऑनलाइन चढवलेलं नसेल तर आधी आरटीओत बॅकलॉगची नोंद, मग नाव चढवणं. एक सोपी खूण सांगतो: गाडीला नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट रीतसर बसलेली असेल, तर तिचे चॅसी आणि इंजिन नंबर सरकारी नोंदीशी जुळलेले असण्याची शक्यता बरीच आहे. तरीही पेन्सिलीचा छाप घ्याच.

माझ्या गाडीला नवीन रिंगा, क्रँकचे ऑइल सील, चेन किट, हँडलचा कोन सेट आणि टायर टाकले. रंगाला हात लावला नाही. ॲव्हरेज चाळीसच्या आतच राहतं, मागच्याला धूर खावा लागतो, पिलियनला पाठीचं दुखणं मिळतं. रोज कागल एमआयडीसीला जाणाऱ्यानं ही घेऊ नये, त्याला स्प्लेंडर बरी. ज्याला रविवारी सकाळी किक मारायची आहे आणि ज्याच्या ओळखीत मिस्त्री आहे, त्यानं घ्यावी. पावणेचार स्टार. पाव ब्रेकचा कापला, उरलेला एक चकाचक रंगवून लाखाला विकणाऱ्यांचा.